गोधडीच्या पोटातला सदरा

माझी विहीण मला आवडत नाही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा आवडली नाही, आज ती माझ्या नातवाची आजी आहे तरी आवडत नाही. उद्या देवाच्या दारात आम्हा दोघींना शेजारी शेजारी उभं केलं तर मी म्हणेन, प्रभू, मला जरा पलीकडे उभं कर. लोक म्हणतात नाताळात मन मोठं करावं. करते की. पण ही बाई समोर आली की ते आपोआप आकसतं, त्याला मी काय करू?

ती धुळ्याची, देवपुरातली. आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहतो. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, त्यामुळे सोयरीक जुळताना कोणाला काही खटकलं नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. लेक पाहायला आली होती तेव्हा या बाईने माझ्या हातच्या पडद्याची शिवण उलटून पाहिली होती. लेक राहिली बाजूला, पडदा पाहत होती! ह्यांना म्हटलं, ही बाई टाके मोजणारी आहे. ह्यांनी नुसतं हसून घेतलं. ह्यांचं सगळं असंच असायचं, हसण्यावारी.

ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. अंगाला कायम ग्रीसचा वास, पण रविवारी चर्चला जाताना पांढरा सुती सदरा, घरी धुतलेला, कडक इस्त्रीचा. असे दोन सदरे होते, आलटून पालटून घालायचे. नाताळच्या गाण्यांना ढोलकी ह्यांचीच. थंडीत गल्लोगल्ली फिरून यायचे आणि मग घसा बसला म्हणून माझ्याकडून सुंठेचा काढा उकळून घ्यायचे. निवृत्त झाले आणि लगेच आजारपण मागे लागलं. आजार लांबला. त्यातच लेकीकडून बातमी आली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आम्ही आशा सोडलेली नव्हती, पण बोलणं सोडलं होतं. बातमी ऐकून हे उठून बसले आणि म्हणाले, "कपाटातून माझे ते दोन सदरे काढ."

आमच्याकडे रीत अशी आहे की तान्ह्या बाळाची पहिली गोधडी आजोबाच्या अंगावरच्या कापडाची करायची. नवं कापड टोचतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, घाम मुरलेलं, माणसाच्या अंगाची ओळख असलेलं कापड पाहिजे. ह्यांची गोधडी तशी झाली होती, माझ्या लेकीचीही ह्यांच्या वडिलांच्या धोतराची झाली होती. सदरे मांडीवर घेऊन हे म्हणाले, "मी असेन नसेन. गोधडी ह्या सदऱ्यांचीच कर. आणि पोछ्याला फाडू नको, तुझा काही भरवसा नाही."

मी म्हटलं, "गप पडा."

पोळ्याच्या आठवड्यात हे गेले. मागे मला करण्यासारखं त्यांचं एवढं एकच काम उरलं होतं. बाकी पेन्शनचं, कागदांचं जावयाने केलं. गोधडी माझी होती.

आणि तिथेच विहीण आडवी आली.

पहिली आडवी आली ती बाळंतपणाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे जगाला माहीत आहे. मी खोली रंगवून घेतली, डिंक, मेथ्या, खारीक आणून ठेवली. तर हिचा फोन. "विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्याकडे आत्ताच दुःख झालंय. अशा घरात ओली बाळंतीण नको. आमच्याकडे दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे." म्हणजे माझा नवरा गेला तो गेला, वर माझं घरही बाटलं! लेकीला फोन केला तर ती रडायला लागली. अवघडलेली पोर, तिला काय ओढायचं? मी गिळलं. खारीक डिंक बांधून जावयाच्या हाती पाठवून दिला. विहिणीने त्याचे लाडू केले आणि गावभर सांगितलं की सगळं तिच्याच घरचं.

डिसेंबर लागला तसं बाळ झालं. मुलगा. फोनवर त्याचं रडणं ऐकलं आणि स्वयंपाकघरातच बसले. मग उठले, पेटी उघडली, सदरे काढले.

त्याच संध्याकाळी विहिणीचा दुसरा फोन. आधी बाळाचं वजन, नाक कोणासारखं, सगळं झालं. मग आवाज खाली आणून म्हणते, "तुमची लेक म्हणत होती तुम्ही गोधडी शिवताय. शिवा, हौस असते आजीला. पण व्याहीबुवांचं काही घालू नका त्यात. गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या जिवाच्या अंगाला नको."

मी म्हटलं, "विहीणबाई, आपण ख्रिस्ती. शकुन अपशकुन आपल्यात कधीपासून आले?"

"देव देवाच्या जागी. रीत घराची असते."

"मग माझ्या घराची काय रीत नाही का?"

"बाळ माझ्या घरात आहे," ती म्हणाली.

असलं आयतं, चोख बोलणं मला जन्मात जमलं नाही. मला उत्तरं सुचतात ती भांडी घासताना. फोन ठेवला आणि तिला जे काही बोलले ते आमच्या पांढऱ्या मांजराने ऐकलं, बाकी कोणी नाही.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात, हाडाच्या गोधडीवाल्या. गच्चीवर उन्हात आम्ही दोघी बसायचो. चकल्या तळून झाल्या होत्या, नानकटाईचे डबे भट्टीवर देऊन आणले होते, दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्यांवर मी नवा कागद चिकटवून चांदणी केली होती. नाताळाआधीचे हे दिवस मला सगळ्या वर्षात आवडतात. ऊन गोड असतं, वांगी भाजल्याचा वास कुठून ना कुठून येत असतो, हाताला काम असतं. त्या वर्षी मात्र टाक्यागणिक मी विहिणीचा उद्धार करत होते. अक्का म्हणाल्या, "बाई, रागाने दोरा ओढू नको. गोधडी आकसते, बाळाला गोळा होते."

मी म्हटलं, "अक्का, सदरे मधे घालते. वर माझी हिरवी साडी, खाली पिवळी. मधे काय आहे ते कोणाच्या बापाला कळणार?"

"शिवणाऱ्या बाईला कळतं."

"ती शिवणारी नाही, उसवणारी आहे."

अक्कांनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवून दिला. मी सदऱ्यांची कॉलर काढली, बटणपट्टी काढली, बाह्या उसवून सपाट केल्या. एका सदऱ्याचा खिसा तेवढा राहिला. राहिला म्हणजे, मी ठेवला. त्या खिशात हे चर्चमधल्या पोरांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचे. कात्री लावली आणि परत काढली. असू दे म्हटलं, मधेच तर आहे. कडेने धावदोरा घालत, गोल गोल फिरत मधे आले. पातळच ठेवली गोधडी, तान्ह्याला जड नको म्हणून.

तीच चूक झाली. जाड केली असती तर पुढचं काही झालंच नसतं.

नाताळाच्या आदल्या दिवशी एसटीने धुळ्याला गेले. पिशवीत फराळ, भरताची हिरवी वांगी, आणि मांडीवर गोधडी. पारोळा गेलं तरी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारची बाई म्हणाली, मावशी, वर ठेवा ना फळीवर. मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा.

विहिणीचं घर म्हणजे नाताळाचं प्रदर्शन. दारात चांदणी, आमच्या कंदिलाच्या तिप्पट. सुरूच्या फांदीवर कापसाचा बर्फ, क्रोशाच्या घंटा, चिंध्यांचे देवदूत. गव्हाणीला कडब्याचं छप्पर, आत मातीच्या गायी, मेंढरं, ताऱ्यामागून आलेले तीन मागी, सगळं स्वतःच्या हातचं. बाई हाताची आहे, खोटं का बोला. बाळाच्या डोक्यावर तिने विणलेली लोकरीची टोपी होती, इतकी सुरेख की लिहिताना माझी बोटं दुखतात. पण अंगावर काय पांघरलेलं? बाजारातलं गुळगुळीत ब्लँकेट, त्यावर शिंगवाली हरणं! धुळ्यात कुठली आलीत तसली हरणं? मी बाळाला घेतलं. ह्यांचे कान होते त्याला, पुढे आलेले. मी एका कानावरून बोट फिरवलं, लेकीने माझ्याकडे पाहिलं.

गोधडी दिली. विहिणीने ती हातात घेतली, वर वर पाहिली. "छान केलीत," म्हणाली, आणि कपाटात ठेवून दिली. कपाटात! मी रात्रभर त्या कपाटाकडे तोंड करून पडले.

चर्चमध्ये नाताळाची भक्ती झाली, पाहुणे येऊन जेवून गेले, माझ्या भरताला सगळ्यांनी बोटं चाटली. दुपारी अंगणात ऊन होतं, वारा गार होता. मी चटईवर बसले आणि म्हटलं, "लेकी, बाळाला गोधडीत आण बाहेर, जरा ऊन लागू दे." लेकीने सासूकडे पाहिलं. विहीण उठली, कपाटातून गोधडी आणली, आणि बाळावर घालायच्या ऐवजी दोन्ही हातांनी उन्हासमोर धरली.

हिरव्या साडीतून ऊन आरपार आलं आणि मधोमध काळपट चौकोन दिसला. खिसा.

"काय शे हाई?" विहीण म्हणाली. चिडली की ती अहिराणीवर येते, माहेर तिचं नरडाण्याकडचं. मग मराठीवर आली. "विहीणबाई, तुमच्या साडीला खिसा असतो का?"

जावई पुढे यायला लागला. मी म्हटलं, "तुम्ही मधे पडू नका." आणि तिला म्हटलं, "हो, आहे. ह्यांचा सदरा आहे. दोन्ही सदरे आहेत. त्यांनी स्वतः काढून दिलेत, मरायच्या आधी. काय करणार आहात?"

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. तुम्ही कोण सांगणाऱ्या? माझ्या लेकीचं बाळंतपण नेलंत, माझ्या घराला अशुभ म्हणालात, आता माझा नवरा तुम्हाला विटाळ झाला का? जिवंत होता तेव्हा ह्याच अंगणात त्याच्या ढोलकीवर नाचलात की तुम्ही!"

"त्यांच्याबद्दल मी कधी वावगं बोलले नाही."

"मग हे काय आहे?"

"ही नाही घालायची बाळाला," ती म्हणाली. एवढंच. गोधडी छातीशी धरून उभी राहिली, पोरगं कोणी हिसकावून नेतंय तशी.

माझं डोकं फिरलं. तिच्या शिवणाच्या डब्यातली कात्री मी घेतली, गोधडी ओढून घेतली, चटईवर बसले. "घ्या. उसवते. तुमच्यासमोर उसवते. तुमचं समाधान होऊ द्या!" आणि कापला दोरा. गच्चीवर इतक्या दिवसांचा धावदोरा, एकेक टाका तटातट तुटत होता. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्याही रागाच्या. कोणाला वाटत असेल मी रडत होते, तर वाटू दे.

विहीण समोर येऊन बसली. मला वाटलं भांडायला. तिने दुसरं टोक धरलं आणि सुटे दोरे वेचायला लागली. शिवणारी बाई ती, उसवतानाही कापडाला ओढ बसू देत नव्हती. मी म्हटलं, "हात लावू नका." तिने ऐकलं नाही. मान खाली घालूनच बोलायला लागली, आणि सगळं अहिराणीत, जणू मी तिथे नव्हतेच.

"मना पहिला पोऱ्या व्हता. मना बाप नुकताच जायेल व्हता. मी मना बापना धोतरमा गुंडाळं त्याले. बठ्ठ्यास्नी नको सांगं. मी आयकं नही. महिना बी नही काढा त्यानी."

बापाच्या धोतरात गुंडाळलेलं पहिलं पोर, महिनाभरही जगलं नाही. माझी कात्री थांबली. जावई ओट्यावर होता, तो तिथेच खाली बसला. त्याच्या आधी एक भाऊ होता हे त्यालाही माहीत नव्हतं, त्याच्या तोंडावरून कळलं.

मला म्हणता आलं असतं की कापडाने कोणी मरत नाही. खरं तेच आहे. पण ज्या बाईने इतकी वर्षं हे पोटात ठेवून कापसाचा बर्फ आणि मातीच्या मेंढ्या केल्या, तिला ते कोणी आधी सांगितलं नसेल का? आणि तिने ते फोनवर मला का नाही सांगितलं? सरळ सांगायचं होतं, मी काय राक्षसीण आहे? याचाही मला रागच आला. जिच्यावर धड चिडताही येत नाही अशा बाईवर येतो तसला राग. मी उसवत राहिले, ती दोरे वेचत राहिली. सदरे निघाले. हिरवी एकीकडे, पिवळी एकीकडे, आणि मधे ते दोन पांढरे, टाक्यांच्या भोकांनी भरलेले.

मी ते घडी करून पिशवीत घालायला घेतले तेवढ्यात लेक दारातून आली. बाळ छातीशी, हरणांचं ब्लँकेट काढून ठेवलेलं. इतका वेळ ती उंबऱ्यातच उभी होती.

"झालं का तुमचं दोघींचं?" ती म्हणाली.

आम्ही दोघींनी वर पाहिलं.

"आई, तू म्हणतेस ह्यांचे सदरे. मम्मी, तुम्ही म्हणता व्याहीबुवांचं कापड. माझे वडील होते ते. मला विचारलं का कोणी? फोनवर एकीने सांगितलं शिवतेय, दुसरीने सांगितलं नको. मला विचारलंच नाही कोणी."

खरंच विचारलं नव्हतं. मी तिच्यासाठी भांडत होते, असं मी समजत होते. तिचे वडील गेल्यावर तिला पोटभर रडूही दिलं नव्हतं कोणी, पोटातल्या बाळाला बरं नाही म्हणून. हे सांगणाऱ्यांत मी पहिली होते.

तिने खाली बसून माझ्या हातातले सदरे घेतले, चटईवर एकावर एक पसरले, हाताने सारखे केले. आणि बाळाला त्यावर ठेवलं.

विहीण एकदम पुढे झाली. हात पुढे आले, बाळाला उचलायलाच. लेकीने तिचं मनगट धरलं. जोराने नाही, नुसतं धरलं.

"मम्मी, तुम्ही बसा त्याच्याजवळ. हात ठेवा त्याच्यावर. हवं तितका वेळ ठेवा, श्वास बघा. पण त्याला ह्याच्यावर झोपू द्या. एकदा."

विहिणीचे ओठ हलत होते, प्रार्थना असेल. माझ्याकडे तिने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने माझ्याकडे शिवण न शोधता पाहिलं, आणि मला काय करावं कळेना. मी सरकून तिला जागा दिली.

ती बसली. हात बाळाच्या छातीवर ठेवला. बाळाने अंग चोरलं, तोंड वाकडं केलं.

"गार आहे हात तुमचा," मी म्हटलं. "आधी गरम करा. साधं एवढं कळत नाही का?"

तिने हात पदराला घासला, तोंडाशी नेऊन त्यावर फुंकर घातली, आणि परत ठेवला. बाळ झोपलं. ऊन भिंतीवर चढून गेलं, लेकीने शाल आणून बाळावर घातली, जावयाने चहा आणला आणि तो आमच्यासमोर निवला. तिने हात काढला नाही. तिचा हात अवघडला तेव्हा मी माझा त्याच्याखाली सरकवला, आणि तिने तो ठेवू दिला.